‘गो’, ‘वेंट’, ‘गॉन’ आणि आपले ‘जाणे’

इंग्रजी शिकणारे मूल ‘प्ले’चे ‘प्लेड’, ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ असे बिनचूक म्हणू लागले, की एके दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने ‘आय गोएड टु स्कूल’ म्हणते. वडीलमंडळी हसतात, क्वचित रागावतातही. वस्तुतः मुलाला नियम उमगल्याची ती खूण होय. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही बालपणी ‘गोएड’ म्हणतात. नियम मोडला आहे तो भाषेने.

‘वेंट’ हे रूप मुळी ‘गो’चे नव्हेच. ‘वेंड’ म्हणजे वळणे, मार्ग आक्रमणे. त्या क्रियापदाचा हा भूतकाळ. ‘गो’चे स्वतःचे जुने रूप मागे पडले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या जागी ‘वेंट’ स्थिरावले. हे विचित्र वाटत असेल, तर वाचकांनी आपल्याच घरात डोकावावे. ‘बसतो’चे ‘बसला’ होते, मग ‘जातो’चे ‘जाला’ का होत नाही? कारण ‘जाणे’ आले संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आले ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. इंदूरच्या मुलाच्या कानावरचे ‘जाना–गया’ आणि बडोद्याच्या मुलाच्या कानावरचे ‘जवुं–गयो’ यांचीही तीच कथा.

म्हणून ‘गो’ शिकवताना मराठीचाच आधार घ्यावा. ‘शी हॅज गॉन टु पुणे’ म्हणजे ती पुण्याला गेली आहे, अद्याप परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टु पुणे’ म्हणजे ती पुण्याला जाऊन आली आहे. आपल्या ‘जाऊन येणे’ या प्रयोगाने हा भेद क्षणात कळतो.

जेथे दोन भाषांच्या वाटा फुटतात, तेथे मात्र सावध राहावे. आपण ‘तो काल गेला आहे’ असे सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आले की ‘ही वेंट यस्टर्डे’ असेच हवे, ‘हॅज गॉन’ चालत नाही. ‘तो गेला नाही’ यात भूतकाळ ‘गेला’वर असतो, म्हणून मूल ‘ही डिडन्ट वेंट’ म्हणते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतो. पुढे मूळचे ‘गो’च राहते : ‘ही डिडन्ट गो’. ‘इट इज गोइंग टु रेन’ या वाक्यात तर कोणीच कोठे जात नाही. पाऊस येणार आहे, इतकेच.

निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. इंग्रज ‘आय मस्ट बी गोइंग’ म्हणतो. ही रीत कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा घरातच चांगली कळते. मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातले मराठी बोलणे थांबवणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा. ज्याला ‘गेला आहे’ आणि ‘जाऊन आला आहे’ यांतील अंतर कळते, त्याला ‘गॉन’ आणि ‘बीन’ समजावण्यास फार वेळ लागत नाही. ते अंतर शिकण्याची जागा, आपल्यासारख्या परप्रांतात स्थिरावलेल्या कुटुंबांना तरी, बहुधा घराच्या उंबऱ्याआतच उरते.