पाटल्या आणि वाटणीचा दावा

बडोद्यात न्यायालयाच्या तारखेला ‘मुदत’ म्हणतात. दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत आमच्या घरोब्याचे एक कुटुंब राहत असे. त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुदतीच्या तारखांभोवती तांबड्या पेन्सिलीची वर्तुळे काढलेली असत. सणांपेक्षा वर्तुळेच अधिक, असे वहिनी हसून म्हणत. पुढे त्या हसेनाशा झाल्या.

भांडण वाड्याचे होते. सासऱ्यांनी तो स्वकष्टाच्या पैशातून घेतलेला. सासूबाई आधीच गेल्या होत्या आणि सासरे २००९ साली मृत्युपत्र न करता वारले. वरच्या मजल्यावर थोरले दीर, खाली हे दोघे, आणि नणंद इंदूरला दिलेली. जिन्याच्या दुरुस्तीवरून कुरबूर सुरू झाली आणि २०११ मध्ये धाकट्या भावाने वाटणीचा दावा लावला. गृहस्थांची नोकरी बेताच्या पगाराची, मुलगा इंजिनिअरिंगला. वकिलांची फी, स्टॅम्प, नकलांचा खर्च, कशालाच पैसा पुरेना. तेव्हा वहिनींनी आपल्या माहेरच्या चार पाटल्या गहाण ठेवण्यासाठी काढून दिल्या. अर्धा वाडा हाती आला की सोडवून आणू, असे त्यांना सांगण्यात आले होते.

२०१८ साली ट्रंकेत रेशनकार्ड शोधताना दाव्याची प्रत त्यांच्या हाती लागली. तीत हिस्सा लिहिला होता एक तृतीयांश.

“अहो, हे तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते?”

“ताई हक्कसोडपत्र देईलच, असे धरून चाललो होतो.”

“तिला विचारलेत?”

विचारले नव्हते.

येथे थोडे थांबून कायदा सांगणे भाग आहे, कारण आपल्या समाजात याविषयी फार गैरसमज आढळतो. मुलींना हक्क २००५ साली मिळाला, असे सरसकट म्हटले जाते. ते वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेपुरते खरे. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राशिवाय मागे राहिली, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मात्र भावांनी मनावर घेईपर्यंत तिला मागता येत नसे. ती आडकाठी २००५ च्या दुरुस्तीने गेली. वाटणीच्या दाव्यात सर्व हिस्सेदारांना पक्षकार करावेच लागते, म्हणून वकिलांनी नणंदेचे नाव घातले होते. अज्ञान कोणाचेच नव्हते. घरात मात्र सांगितले गेले नाही.

त्यानंतरचे दीड वर्ष आम्ही पाहिले आहे. स्वयंपाक होई, पाने वाढली जात, पण जेवताना कोणी बोलत नसे. एकदा आमच्यासमोरच गृहस्थ म्हणाले, “दागिने घरचेच होते ना?” आम्हांला ते ऐकवले नाही. स्त्रीधन हे पत्नीचे एकटीचे असते, पती त्याचा भागीदार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले आहे. अडचणीत ते वापरले तरी ते परत करायचे देणे ठरते. वहिनींनी कायद्याचा उच्चारही केला नाही. त्यांनी एक वही आणली आणि २०११ पासूनचा खर्च आठवून आठवून लिहिला: फी, नकला, कारकुनाचा चहा, मुदतीच्या दिवसाची रिक्षा, पाटल्यांवरचे व्याज. वही त्यांनी पतीच्या पानाशेजारी ठेवली. त्या रात्री गृहस्थांनी स्वतः त्यांतल्या तीन रकमा वाढवल्या. त्या वहिनींना माहीतच नव्हत्या. एका मित्राकडून घेतलेले हातउसने त्यांत होते.

इंदूरला फोन वहिनींनीच केला. नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, मला माझा वाटा हवा आहे, पण वाडा नको. इतक्या वर्षांत कोणी मला विचारलेच नाही.” हेच वाक्य सात वर्षांपूर्वी ऐकले असते तर पाटल्या हातातच राहिल्या असत्या, असे आमचे मत आहे.

वाटणीचा दावा दोन टप्प्यांत चालतो. आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग कमिशनरची मोजणी आणि अंतिम हुकूमनामा. एकच जिना, एकच न्हाणीघर असलेल्या वाड्याचे तीन तुकडे करणार कसे? थोरल्यांनाही ते कळत होते. प्रकरण लोकअदालतीत नेण्यास तिघांनी संमती दिली. तेथल्या तडजोडीवर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. थोरल्यांनी दोघांचे हिस्से हप्त्यांनी विकत घ्यावेत, असे ठरले.

आता हे जोडपे मांजलपूरला दोन खोल्यांत राहते. पहिल्या हप्त्यातून मित्राचे पैसे फिटले आणि दोन पाटल्या सुटल्या. उरलेल्या दोन दिवाळीच्या हप्त्याची वाट पाहत आहेत. वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. परवा गेलो तेव्हा गृहस्थ तीत दुधाचा हिशेब लिहीत होते आणि वहिनी त्यांची बेरीज दुरुस्त करीत होत्या.