क्षयाची लस आणि मूत्राशयाचा कर्करोग

लघवीतून एखादे दिवशी रक्त जाते. दुखत काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा स्वच्छ होते. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते, आणि ती दुखत नाही म्हणूनच दुर्लक्षिली जाते. मुतखडा असेल, उन्हाळी लागली असेल, जंतुसंसर्ग असेल, असे समजून औषधांच्या एक-दोन फेऱ्या होतात आणि त्यात महिने निघून जातात. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा रंग-रसायनांच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला असे रक्त एकदाच दिसले, तरी दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी करून घेणे आवश्यक असते. रंगकारखान्यातील कामगारांना हा आजार होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते.

निदान होते त्या वेळी साधारणतः चारपैकी तीन रुग्णांत गाठ मूत्राशयाच्या आतील अस्तरापुरती किंवा त्यालगतच्या थरापुरती मर्यादित असते. स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. अशी गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते. अडचण त्यानंतरची आहे. ही गाठ पुन्हा पुन्हा उगवते, आणि तिच्या पेशी उग्र स्वरूपाच्या असतील तर पुढे स्नायूत शिरते. मग मूत्राशय काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. ती टळावी म्हणून अशा धोक्याच्या रुग्णांना जे औषध मूत्राशयात सोडले जाते, ते ऐकून पुष्कळ कुटुंबे बुचकळ्यात पडतात. ते असते बीसीजी, म्हणजे जन्मानंतर बाळाच्या डाव्या दंडावर टोचली जाणारी क्षयाची लस.

या लशीची जन्मकथा सर्वश्रुत आहे. फ्रान्समधील लील येथे अल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षे गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला आणि २३० वेळा नव्या कापांवर उतरवला. त्यातून त्याची रोग निर्माण करण्याची शक्ती ओसरली. १९२१ मध्ये ही लस प्रथम एका बाळाला देण्यात आली. कर्करोगाशी तिचा संबंध जुळायला मात्र आणखी काळ जावा लागला. क्षय झालेल्या माणसांत कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षण अमेरिकेतील रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनांच्या नोंदींवरून १९२९ मध्ये मांडले. बीसीजी टोचलेले उंदीर गाठींना अधिक प्रतिकार करतात, हे १९५९ मध्ये दिसले. पुढे गिनीपिगांवरील प्रयोगांतून एक महत्त्वाची अट स्पष्ट झाली: जंतू आणि गाठ यांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे, जंतूंची संख्या पुरेशी हवी आणि गाठ लहान हवी. या तिन्ही अटी पूर्ण करणारा शरीरातील एक अवयव म्हणजे मूत्राशय. ते पिशवीसारखे असते, त्यात नळीने औषध भरता येते आणि ते काही काळ तेथे राहते.

कॅनडातील किंग्स्टन येथील मूत्ररोगतज्ज्ञ अल्वारो मोरालेस यांनी ते करून पाहिले आणि नऊ रुग्णांवरील निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, हे त्यांचे वेळापत्रक आजही जगभर पाळले जाते. त्यामागे कोणतेही सखोल गणित नव्हते. माँट्रियलहून येणारी लस सहा-सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे आणि एका मात्रेचा त्रास आठवड्याच्या आत ओसरत असे, म्हणून सहा आठवडे! वैद्यकशास्त्रातील नियम कधी कधी असेही जन्माला येतात.

मूत्राशयात गेलेले जंतू स्वतः कर्करोगाच्या पेशींना मारतात, असा समज आहे. तो अपुरा आहे. जंतू अस्तराला चिकटतात, काही पेशींत शिरतात आणि शरीराच्या संरक्षक व्यवस्थेला जागे करतात. पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, प्रक्षोभक रसायने सुटतात, आणि या गोंधळात कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. ज्या उंदरांत टी-पेशी तयारच होत नाहीत त्यांच्यावर हा उपचार चालत नाही, हे प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणजे खरे औषध रुग्णाच्या अंगातच आहे. बीसीजी फक्त दार ठोठावते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये याच दिशेने एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. आधी बीसीजी टोचलेल्या उंदरांच्या मूत्राशयात टी-पेशी अधिक वेगाने पोहोचल्या, आणि उपचारापूर्वी ज्यांची क्षयाची त्वचाचाचणी होकारार्थी होती अशा रुग्णांत रोग परतण्याचे प्रमाण कमी दिसले. जिथे क्षयाच्या जंतूची ओळख बहुतेकांच्या शरीराला लहानपणीच होते, त्या मुंबईकरांना याचा लाभ होतो की नाही, हे येथील रुग्णांच्या नोंदींतूनच कळू शकेल. परदेशी आकडे तेथे उपयोगाचे नाहीत.

सहा आठवड्यांनंतरही काम संपत नाही. अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये आले. त्यात पहिल्या सहा मात्रांनंतर तीन वर्षे ठरावीक महिन्यांनी तीन-तीन मात्रा दिल्या गेल्या. रोग न परतता गेलेला मध्यम कालावधी ३५.७ महिन्यांवरून ७६.८ महिन्यांवर गेला. मात्र पूर्ण वेळापत्रक केवळ १६ टक्के रुग्णांनी पार पाडले. जळजळ, वारंवार लघवी, ताप, कंटाळा, खर्च, कारणे काहीही असोत, उपचार अर्ध्यावर सुटतो तो येथेच.

काल्मेत-गेरँ यांच्या मूळ जंतूचे वाण निरनिराळ्या देशांत नेले गेले आणि दशकानुदशके वेगवेगळे वाढत राहिले. रशियन, डॅनिश, टोकियो, कॉनॉट, टाइस ही त्यांची काही नावे. ते सगळे आता सारखे राहिलेले नाहीत. स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, कॉनॉट वाण दिलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के पाच वर्षे रोगमुक्त राहिले. टाइस वाणात हे प्रमाण ४८ टक्के होते. या चाचणीत पुढील वर्षांच्या मात्रा दिल्या नव्हत्या, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही एका वाणाचे निष्कर्ष दुसऱ्यावर डोळे झाकून लावता येत नाहीत, एवढे खरे.

आणि नेमका हाच कॉनॉट वाण बाजारातून गेला. टोरांटोतील त्याचे उत्पादन २०१२ मध्ये विस्कळीत झाले, आणि कंपनीने २०१६ मध्ये ते कायमचे बंद करण्याचे जाहीर केले. बीसीजीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. दुप्पट व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. त्यामुळे कारखाना बंद पडला की दुसऱ्याने रातोरात तूट भरून काढणे शक्य नसते. नफाही फारसा नाही. अनेक देशांत रुग्णांना मात्रा कमी करून द्याव्या लागल्या, काहींना थांबावे लागले. या तुटवड्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे महत्त्व वाढले. तेथे तयार होणारी रशियन वाणाची बीसीजी कॅनडात ‘व्हेरिटी-बीसीजी’ या नावाने वापरली जाते. जेथे या उपचाराचा जन्म झाला, त्या देशाला त्याची कुपी आता महाराष्ट्रातून जाते.

उपनगरातील रुग्णासाठी मात्र खरी परीक्षा कुपी मिळाल्यानंतर सुरू होते. औषध आत गेल्यावर साधारण दोन तास लघवी रोखून धरायची असते. परळहून बोरिवलीची किंवा मुलुंडची लोकल गाठण्याची घाई अशा वेळी करू नये. दोन तास रुग्णालयातच काढून, लघवी करून मग निघणे सोयीचे. त्यापूर्वीचे काही तास पाणी-चहा कमी ठेवला तर रोखणे सोपे जाते. त्यानंतर सुमारे सहा तास लघवीतून जिवंत जंतू बाहेर पडत असतात. म्हणून पुरुषांनीही बसून लघवी करावी, संडासात तेवढेच ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे आणि हात धुवावेत. चाळीत किंवा वस्तीत संडास सामाईक असेल तर ही सूचना कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात अवघड ठरते. त्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून सोय ठरवलेली बरी.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे, आणि ती मुंबईत विशेष लागू पडते. लघवीत रक्त असताना, नळी घालताना इजा झाली असताना किंवा गाठ काढून दोन आठवडेही झाले नसताना बीसीजी देत नाहीत, कारण जंतू रक्तात शिरू शकतात. सक्रिय क्षय असलेल्यांना किंवा रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनाही ती दिली जात नाही. उपचारानंतर ३८.५ अंश सेल्सिअसहून अधिक ताप दिवसभर टिकला, तर तो साधा ताप समजून घरी बसू नये. एखाद्याला काही महिन्यांनी ताप, खोकला वा वजन घटण्याचा त्रास सुरू झाला आणि तो जवळच्या दवाखान्यात गेला, तर तेथे प्रथम क्षयाचाच विचार होईल. सीबीनॅट चाचणीही क्षयजंतूंच्या समूहाला ओळखते. बीसीजी त्याच समूहातला असल्याने ती होकारार्थी येऊ शकते. मग नेहमीचा क्षयोपचार सुरू होतो, ज्यातील पायराझिनामाइडला हा जंतू मुळातच दाद देत नाही. मूत्राशयात बीसीजी घेतली आहे, एवढे एक वाक्य रुग्णाने कोणत्याही डॉक्टरला सांगितले तर हा सगळा घोळ टळतो. उपचाराच्या फाइलचे पहिले पान जवळ बाळगणे म्हणूनच उपयुक्त.

बीसीजी चालत नाही असेही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी मूत्राशय काढणे हा बराच काळ एकमेव मार्ग होता. २०२० मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. पाठोपाठ मूत्राशयातच सोडण्याची जनुकीय औषधेही आली. त्यांच्या किमती सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून जुन्याच जंतूला नवा घाट देण्याचा एक प्रयत्न लक्ष वेधून घेतो. बर्लिनमधील माक्स प्लांक संस्थेत बीसीजीतून एक जनुक काढून लिस्टेरिया जंतूचे एक जनुक घालण्यात आले, जेणेकरून संरक्षक पेशींना तो अधिक ठळकपणे दिसावा. या नव्या वाणाच्या पुढील विकासात सीरम इन्स्टिट्यूट सहभागी आहे. बीसीजीनंतर रोग परतलेल्या रुग्णांवर झालेल्या स्विस चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ आठवड्यांनी ४९.३ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात रोग परतलेला नव्हता. तीन वर्षांनी हे प्रमाण ४३.७ टक्के राहिले. संख्या लहान होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नेहमीच्या बीसीजीशी थेट सामना व्हायचा आहे, आणि तो भारतीय रुग्णालयांत झाला तर लहानपणी दंडावर पडलेल्या त्या वणाचा प्रश्नही त्याच चाचणीत तपासता येईल.