बेडी शब्दास कीं दंडुक्यास?

विद्यालय हें मत तयार होण्याचें ठिकाण आहे. तयार मत जपून ठेवण्याची कोठी नव्हे. पूर्वपक्ष यथास्थित मांडल्यावांचून सिद्धांताकडे वळूं नये, असा दंडक आमच्या शास्त्रकारांनीं घालून दिला तो उगीच नव्हे. ज्यास प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकण्याचें धैर्य नाहीं, त्याचा सिद्धांत खरा असला तरी उसनाच समजावा. हें तत्त्व उघडपणें कोणीच नाकारीत नाहीं. परंतु अलीकडे ‘सुरक्षितता’ या एका शब्दाच्या आधारानें तें कागदावर कायम ठेवून व्यवहारांतून नाहींसें करण्याची सोय कॉलेजांच्या चालकांस सांपडली आहे. हा वाद अमेरिकेंत विशेष जोरानें चालला असून आमचीं विद्यापीठेंही त्यापासून अलिप्त नाहींत. सबब त्याचा साकल्यानें विचार करणें जरूर आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचा इतिहास या कामीं मोठा बोधप्रद आहे. १९६४ च्या सप्टेंबरांत तेथील अधिकाऱ्यांनीं विद्यापीठाच्या दारापाशीं मेजें मांडून राजकीय पत्रकें वाटण्यास व वर्गणी गोळा करण्यास बंदी केली. कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांची चळवळ त्या वेळीं ऐन भरांत होती, व तिच्यासाठीं झटणाऱ्या विद्यार्थ्यांस ही बंदी मानवणारी नव्हती. १ ऑक्टोबर रोजीं मेज मांडून बसलेल्या एका तरुणास पोलिसांनीं पकडून मोटारींत घातलें. तोंच शेंकडों विद्यार्थी मोटारीभोंवतीं बसले व सुमारें ३२ तास त्यांनीं ती जागची हलूं दिली नाहीं. डिसेंबरांत विद्यापीठाच्या कचेरींत ठाण मांडणाऱ्या सुमारें ८०० जणांस अटक झाली. शेवटीं ८ डिसेंबर रोजीं प्राध्यापकांच्या सभेनें ८२४ विरुद्ध ११५ मतांनीं ठराव केला कीं, भाषणाची वेळ, जागा व रीत यांस नियम असावेत. भाषणांतील मतास विद्यापीठानें हात लावूं नये. सहा दशकें उलटलीं तरी याहून चांगला नियम कोणी सुचविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पण नियम करणें निराळें आणि तो नावडत्या माणसास लागू करणें निराळें. त्याच बर्कलींत १ फेब्रुवारी २०१७ रोजीं मायलो यियानोपोलस या जहाल उजव्या वक्त्याचें भाषण व्हावयाचें होतें. तोंडें झांकलेल्या टोळीनें आग लावून व कांचा फोडून तें बंद पाडलें. विद्यापीठाचें नुकसान सुमारें एक लाख डॉलरांचें झालें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत बेन शापिरो यांचें भाषण पार पडावें म्हणून बंदोबस्तास सुमारें सहा लाख डॉलर खर्चावे लागले. या वक्त्यांचीं मतें आम्हांस पटतात असें मुळींच नव्हे. परंतु ज्या आवारांत पूर्वीं बोलण्याच्या हक्कासाठीं विद्यार्थी तुरुंगांत गेले, तेथेंच एका व्याख्यानास एवढ्या फौजफाट्याची गरज पडावी, हें लक्षण चांगलें नव्हे.

यावरून केवळ उजव्यांचींच तोंडें बंद होतात असें मात्र कोणीं समजूं नये. एप्रिल २०२४ मध्यें लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानें पदवीदान समारंभांत बोलण्यास निवडलेल्या आपल्याच एका गुणवान मुस्लिम विद्यार्थिनीचें भाषण रद्द केलें. तिनें पॅलेस्टाइनच्या बाजूनें मत प्रकट केल्याबद्दल गिल्ला झाला होता. परंतु विद्यापीठानें कारण दिलें तें सुरक्षिततेचें! म्हणजे शस्त्र एकच. आज तें या पक्षाच्या हातीं, उद्यां त्या पक्षाच्या.

तर मग सुरक्षिततेची काळजी हें सर्व ढोंगच कीं काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १० सप्टेंबर २०२५ रोजीं यूटा व्हॅली विद्यापीठाच्या आवारांत विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरें देत बसलेल्या चार्ली कर्क या वक्त्यास गोळी घालून ठार मारण्यांत आलें. त्यांचीं मतें कोणास कितीही असह्य वाटोत, प्रश्नास गोळीनें उत्तर देणारा सर्वांच्याच जिव्हेवर घाव घालतो. सुरक्षितता अवश्य पाहिजे. प्रश्न इतकाच कीं, ती कोणाची व कशापासून?

आमच्या व्यापारी वाचकांस हें एका दाखल्यानें सहज कळेल. एखाद्या गुंडानें पेठेंतील दुकानदारास धमकी दिली कीं, ‘उद्यां दुकान उघडशील तर फोडून टाकीन.’ दुकानदार फौजदाराकडे गेला. फौजदारानें गुंडास न पकडतां दुकानासच टाळें ठोकलें आणि ‘पेठेंत शांतता राखली’ असा अहवाल वर पाठविला, तर या न्यायास काय म्हणावें? दुसऱ्या दिवशीं दहा गुंड दहा दुकानांपुढें उभे राहतील, हें सांगण्यास ज्योतिषी नको. धमकीस फळ येतें असें दिसलें कीं धमकीचाच व्यापार वाढतो. भाषण रद्द करणारे चालक नेमकें हेंच करीत असतात.

कायद्याची दृष्टिही हीच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं ठरविलें कीं, श्रोते खवळतील म्हणून सभेच्या परवान्याची फी वाढवितां येत नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें तर त्यापूर्वींच, १९८९ सालीं, एस. रंगराजन यांच्या खटल्यांत एका तमिळ चित्रपटाविषयीं निवाडा देतांना बजावलें कीं, विरोधकांच्या धमकीपुढें हात टेकणें सरकारास शोभत नाहीं. बंदोबस्त राखणें हें त्याचें कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्यास मर्यादा आहेत, आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही त्यांपैकीं एक आहे हें खरें. परंतु भाषण व दंगा यांचा संबंध ठिणगी व दारू यांच्यासारखा निकटचा असला पाहिजे, लांबचा तर्क चालणार नाहीं, असें त्याच निवाड्याचें तात्पर्य आहे.

शब्दांनींही जखम होते, असा एक आक्षेप आहे, व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला त्यांचीं मुलें आज कॉलेजांत आलीं आहेत. त्यांस ‘कातडी जाड करा’ असा उपदेश करणें ही निर्दयता होय. परंतु एखाद्या विद्यार्थ्यास जातीवरून चारचौघांत शिवी देणें, विद्यार्थिनीचा पाठलाग करणें, वर्गाची वाट अडविणें, हीं कांहीं मतें नव्हेत; हे गुन्हे आहेत. अनुसूचित जाति-जमातींच्या माणसाचा जाणूनबुजून असा जाहीर अपमान करणारास १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें शिक्षा आहे. ती शिक्षा तत्परतेनें झाली पाहिजे. मात्र या न्याय्य संरक्षणाचें पांघरूण घेऊन केवळ न पटणारें मत हद्दपार करणें, हें दुर्बळांसही अंतीं घातक आहे. कारण ज्या दिवशीं न पटणारीं मतें बंद होतात, त्या दिवशीं प्रथम दुर्बळाचेंच मत बंद होतें.

हा अनुभव आम्हांस नवा नाहीं. १९०५ सालीं कार्लाइलसाहेबांचें व १९०७ सालीं रिस्लेसाहेबांचें परिपत्रक निघालें. विद्यार्थ्यांनीं राजकीय चळवळींत पडूं नये म्हणून शाळा-कॉलेजांस अनुदान बंद करण्याचा धाक घालण्यांत आला. कारण काय? तर शिस्त आणि शांतता! परकीय सरकार गेलें, पण परिपत्रकाची वृत्ति गेली नाहीं. २०१० सालीं शिवसेनेच्या विद्यार्थी शाखेनें रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या कादंबरीच्या प्रती जाळल्या आणि मुंबई विद्यापीठानें ती कादंबरी अभ्यासक्रमांतून काढून टाकली. पुस्तक जाळणाऱ्यांचें काम विद्यापीठानेंच पुरें केलें!

आमची सूचना साधी आहे. सभांची वेळ, जागा व रीत यांचे नियम आगाऊ छापून सर्व पक्षांस सारखे लावावे. बंदोबस्ताचा खर्च वक्त्याच्या माथीं मारूं नये. ज्यांस मत रुचत नाहीं त्यांनीं बाहेर निषेध करावा, उठून जावें, अडचणीचे प्रश्न विचारावे. यांत कोणाचीही गैरसोय झाली तरी ती सोसावी. जो हात उगारील वा दुसऱ्यास ऐकूं देणार नाहीं, त्यास मात्र तो कोणत्याही झेंड्याखालचा असो, दरवाजा दाखवावा. आणि ज्या पालकांस आपला मुलगा अप्रिय गोष्ट ऐकून बिघडेल अशी भीति वाटते, त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, ज्यानें खोटें नाणें कधीं हातांत धरलें नाहीं, त्यास खरें ओळखतां येत नाहीं. पेढीवर बसणारास हें कोणीं शिकवावयास नको. विद्यापीठांनींही तें शिकून घ्यावें.