परदेशी शिक्षण : दाखल्याचे आधी बघा

बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर. आज आपल्या नांदेड-लातूरच्या मुलामुलींना ग्रामविकासावर परदेशात पीएच.डी. करायची तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आम्ही पाहतो, घोडे अडते दाखल्यापाशी. 1990 साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले, पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. तहसिलात हेलपाटे पडतात, म्हणून आईबापांनी एम.ए.च्या पहिल्या वर्षीच कागदाला लागावे.

आणखी एक. 2022 साली केंद्राने भारताचा समाज, संस्कृती, इतिहास यांवरचे संशोधन या शिष्यवृत्तीतून वगळले. हा अन्यायच! आपल्या वस्तीचा अभ्यास आपल्या लेकरांनी नाही तर कोणी करायचा? विषय असा असेल तर राज्याची जाहिरात नीट वाचा, देशातच पीएच.डी. करायची तर पुण्याच्या बार्टीची फेलोशिप आहे.