विश्लेषण : आपलेच आरमार कालबाह्य ठरवणारा नौदलप्रमुख! ॲडमिरल फिशर यांनी असे का केले?

१० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्ट्समथ येथे ‘एचएमएस ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली आणि जगातील बाकी सर्व युद्धनौका जुन्या ठरल्या. त्यांतील सर्वाधिक नौका ब्रिटनच्याच होत्या. तरीही हा निर्णय रेटून नेणारे नौदलप्रमुख होते ॲडमिरल जॉन ‘जॅकी’ फिशर.

फिशर कोण होते?

१८४१ मध्ये सिलोनमध्ये (आताची श्रीलंका) जन्मलेले फिशर वयाच्या तेराव्या वर्षी नौदलात दाखल झाले. तोफा, पाणतीर आणि विनाशिका या विषयांत त्यांनी नाव कमावले. ऑक्टोबर १९०४ मध्ये ते ‘फर्स्ट सी लॉर्ड’, म्हणजे नौदलप्रमुख झाले. येताच त्यांनी सुमारे दीडशे जुन्या नौका मोडीत किंवा राखीव दलात काढल्या. लढायला दुबळ्या आणि पळायला संथ नौकांवर खलाशी का अडकवायचे, हा त्यांचा सवाल होता.

‘ड्रेडनॉट’मध्ये वेगळे काय?

आधीच्या युद्धनौकांवर साधारण चारच मोठ्या तोफा असत. ‘ड्रेडनॉट’वर १२ इंची दहा तोफा होत्या. बाष्प टर्बाइनमुळे वेग २१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर होता. अमेरिका आणि जपानही अशाच नौकांच्या तयारीत होते. बदल अटळ असेल तर पहिले पाऊल आपलेच हवे, हे फिशर यांचे गणित होते.

परिणाम काय झाला?

जर्मनीनेही अशा नौका बांधायला घेतल्या. शर्यत नव्याने, जवळपास शून्यापासून सुरू झाली. या मोठ्या नौकांसाठी जर्मनीला कील कालवाही रुंद करावा लागला.

फिशर कुठे चुकले?

चिलखत कमी, वेग जास्त अशा ‘बॅटलक्रूझर’ या त्यांच्या आवडत्या नौका. डिसेंबर १९१४ मध्ये फॉकलंडच्या लढाईत त्यांनी जर्मन ताफ्याचा धुव्वा उडवला. मात्र ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत अशा तीन ब्रिटिश नौका स्फोटांत बुडाल्या. तीन हजारांहून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. दारूगोळा हाताळण्यातील ढिलाईही याला कारणीभूत होती.

कारकीर्दीचा शेवट कसा झाला?

१९१० मध्ये निवृत्त झालेले फिशर युद्ध सुरू झाल्यावर, ऑक्टोबर १९१४ मध्ये पुन्हा नौदलप्रमुख झाले. पण डार्डनेल्स मोहिमेवरून नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याशी बिनसले आणि १५ मे १९१५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर चर्चिल यांनाही ते खाते सोडावे लागले. १९२० मध्ये फिशर यांचे निधन झाले.

आणि ‘ड्रेडनॉट’? जटलंडच्या वेळी ती दुरुस्तीसाठी बंदरात होती. तिने बुडवलेली शत्रूची एकमेव मोठी शिकार म्हणजे मार्च १९१५ मधील एक जर्मन पाणबुडी. तीही तोफेने नव्हे, धडक देऊन.