भरती संपली, आता दारं कोण धरणार?

पहाटे पाचला जत-विजापूर रस्त्यावर तुम्ही पळताय. डोक्यात एकच गोष्ट, पोलिस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. रात्री भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती. तिच्यातलं तेल स्नायूंच्या कामी कसं येतं, कधी विचार केलाय?

रानात दारं धरली असतील, तर निम्मं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून आपल्याकडं आणलं, तरी ते पाटातच असतं. दार फोडल्याशिवाय वाफ्यात थेंब जात नाही.

रक्त म्हणजे हा पाट. चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीरातल्या साठ्यातून सुटलेली मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड्स, अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून रक्तात फिरतात. जेवणातली चरबी बारीक थेंबांतून येते. केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर असतं, ते तिच्यातून मेदाम्लं मोकळी करतं.

आता दार. स्नायुपेशीच्या पटलावर मेदाम्लांना आत घेणारी काही प्रथिनं असतात, त्यातलं महत्त्वाचं सीडी-३६. गंमत म्हणजे सगळी दारं कायम पटलावर नसतात. बरीचशी पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली असतात. तुम्ही पळायला लागलात, स्नायू आकुंचन पावू लागला, की ती पटलावर येतात. जेवणानंतर इन्सुलिनही त्यांना बोलावतं. आत आलेली मेदाम्लं तंतुकणिकांपर्यंत पोचतात आणि तिथं जळून ऊर्जा देतात.

हृदयाला तर सुट्टीच नाही. त्याच्याजवळ इंधनाचा साठा थोडा, म्हणून ते रक्तातून सतत इंधन ओढतं. एरवी त्याची निम्म्याहून जास्त ऊर्जा मेदाम्लांमधूनच येते.

मग घोळ कुठं होतो? लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेहात सीडी-३६ पटलावर जास्त संख्येनं ठाण मांडून बसतं, असं संशोधनात दिसलंय. काम नाही, तरी दार उघडं. दार उघडं टाकून झोपलं तर वाफ्याचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पेशीत चरबी साठते, इन्सुलिनला प्रतिसाद आणखी कमी होतो. हृदयाच्या पेशीही यातून सुटत नाहीत.

आणि नुसता साठा म्हणजे रोग, असंही नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही भरपूर चरबी सापडते. फरक इतकाच, की त्यांची रोज खर्च होते.

म्हणून दोन गोष्टी. एक, १६०० मीटर जोरात पळताना शरीर मुख्यतः साखरच वापरतं. चरबी जाळायची सवय लावायची तर आठवड्यात काही दिवस सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगानं, जास्त वेळ पळा.

दुसरी जास्त महत्त्वाची. यादीत नाव लागलं की पळणं बंद होतं. नाही लागलं आणि वय संपलं, तरी बंद होतं. जेवण मात्र तेवढंच राहतं. भरतीचं मैदान सुटलं तरी रोज अर्धा तास चाला, सायकल मारा, रानात राबा. पाटाला पाणी येतच राहणार आहे, दारं धरायला तुम्ही जागेवर पाहिजे.