पडवी भिंतीला टेकते तिथे

कोकणात एप्रिल संपत आला की आगोटीची घाई सुरू होते. मसाला, सुकी मच्छी, लाकूडफाटा भरून ठेवायचा आणि छपरावर माणूस चढवून कौले परतून घ्यायची. फुटके कौल डोळ्यांना दिसते, ते बदलता येते. पण पुष्कळ घरांत पाणी कौलातून येतच नाही. पडवीचे छप्पर मुख्य भिंतीला जिथे टेकते, त्या सांध्यातून ते उतरते.

आखाती देशांतल्या कमाईवर गावोगाव जुन्या घरांना नव्या पडव्या, गाडीसाठी शेड, वरचा मजला असे काही ना काही जोडले गेले. प्रत्येक जोडणीबरोबर असा एक सांधा वाढला. कमावता माणूस कुवेतला नाहीतर दुबईला, घरी अम्मी, सून आणि मुले. मिस्त्री येतो, सांध्यावर सिमेंटचा तिरका वाटा मारतो, ‘आता दहा वर्षे बघायला नको’ म्हणतो आणि मजुरी घेऊन जातो. पुढच्या पावसात भिंतीला पुन्हा ओल. ती ओल स्विचबोर्डामागे पोहोचली, तर प्रश्न फक्त रंग उडण्याचा राहत नाही.

हा वाटा टिकत का नाही? भिंत चिऱ्याची, छप्पर लाकडाचे किंवा लोखंडी पाइपांचे. उन्हात छप्पर पसरते, रात्री आकसते, पावसात लाकूड फुगते. भिंत त्या मानाने जागची हलत नाही. दोघांना धरून ठेवणारे सिमेंट ताणले जाते आणि केसाएवढी चीर पडते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याला तेवढी चीर पुरते. मग त्यावर डांबर, पुढल्या साली सिलिकॉन. खर्च चालूच.

इंग्लंडमध्ये या जागी शिशाचा पत्रा वापरतात. उस्मानी मशिदींचे राखाडी घुमट ज्याने मढवले, तेच शिसे. ते मऊ असते, कौलाच्या उंचसखल अंगावर ठोकून बसवता येते आणि गंजून जात नाही. तिथला कारागीर साधारण 1.8 मिलीमीटर जाडीचा पत्रा घेतो. विटांच्या सांध्यात निदान 25 मिलीमीटर खोल खाच पाडून त्याची वरची कड आत घालतो, शिशाच्याच पाचरांनी आवळतो आणि मग खाच भरतो. एक तुकडा दीड मीटरहून लांब ठेवत नाही, कारण तापल्यावर शिसे लोखंडाच्या दुपटीहून अधिक पसरते. लांबलचक पत्रा आधी फुगतो, मग फाटतो. दोन तुकडे एकमेकांवर निदान 100 मिलीमीटर चढवलेले असतात.

आपल्याकडे मात्र शिसे नको. ते महाग आहे, चोरीला जाते आणि मुख्य म्हणजे विषारी आहे. पागोळ्यांचे पाणी पिंपात धरणाऱ्या घरात, जिथे मुले खेळतात तिथे, ते असू नये. पद्धत तीच ठेवून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत जस्ती पत्रा लवकर गंजतो. अ‍ॅल्युमिनियमची एकच खोड, ओले सिमेंट त्याला खाते. म्हणून खाचेत जाणाऱ्या कडेला आधी डांबरी रंगाचा हात द्यावा.

काम चालू असताना घरातल्या बाईने खाली उभे राहून पाहण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे खाच. ती कौलांपासून वीतभर उंचीवर हवी आणि नुसत्या गिलाव्यात नको. गिलावा कापून चिऱ्यात इंचभर आत जायला हवी. चिरा पाणी पितो. खाच गिलाव्यातच थांबली, तर गिलाव्यामागून उतरणारे पाणी पत्र्याच्या पाठीमागे जाते. मग कितीही महाग पत्रा लावा. मिस्त्री ‘एवढे कशाला, भाभी’ म्हणेल. म्हणू द्या, पट्टी धरून मोजा.

पत्र्याची खालची बाजू कौलांवर निदान 150 मिलीमीटर यावी आणि ती सिमेंटने चिकटवू नये. वाऱ्याने उचलू नये म्हणून अधूनमधून चिमटे पुरेत. पत्रा हलायला मोकळा राहिला पाहिजे. मधोमध खिळा मारला, तर नवे भोक आपणच पाडले. उतारावर तुकडे खालून वर लावत जावे, म्हणजे वरचा खालच्यावर चढतो. आडव्या सांध्यात तुकड्यांची उघडी कड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नये. वर चिऱ्याची भिंत उघडी असेल तर तिला गिलावा करून घ्यावा, नाहीतर पाणी खाचेच्या वरूनच भिंतीत शिरेल.

खाचेतला मसाला सुकला की नळीने पाणी सोडून पाहा. आधी कौलांवर, मग सांध्यावर, शेवटी भिंतीवर, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे. एक जण आत टॉर्च घेऊन उभा राहील. एकदम वरून पाणी ओतले, तर गळते कुठून ते कळत नाही. ही परीक्षा होईपर्यंत मजुरीची शेवटची रक्कम अम्मीच्या पेटीतच असू द्यावी, आणि ही अट काम सुरू करण्याआधीच मिस्त्रीला सांगून ठेवावी.